एका कॅनमधल्या तीन म्हशी

गाय माजावर आली की अख्ख्या आळीला कळतं. हंबरते, दाव्याला हिसके देते, शेजारच्या जनावरावर चढते. म्हैस यातलं फारसं काही करत नाही. तिचा माज पुष्कळदा रात्री सुरू होतो, उजाडेपर्यंत उतरायला लागतो, आणि वैशाखात तर आला-गेला तरी पत्ता लागत नाही. आमच्या धंद्यात त्याला मुका माज म्हणतात. शेपटीला चिकटलेला सोट, थोडी थोडी लघवी, गव्हाणीत तशीच राहिलेली वैरण, सकाळच्या धारेला पेलाभर कमी आलेलं दूध, एवढ्या खुणांवरून घरातली बाई ठरवते की आज डॉक्टरला फोन करायचा. तिचा अंदाज चुकला तर पुढची संधी २१ दिवसांनी. भाकड म्हशीच्या चाऱ्या-पेंडीला रोजचे दोनशे रुपये धरा. एक माज हुकला की ४,२०० रुपये गेले. हा तोटा कुठल्या वहीत लिहिला जात नाही, म्हणून कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

मी पशुवैद्य. मूळचा नवापूरचा, नोकरीनं सुरतेला आलो आणि उधन्यात घर केलं. कामरेज, पलसाणा, बारडोलीकडचे गोठे पालथे घालण्यात उमर गेली. त्यामुळे म्हशीच्या गळ्यात पट्टा बांधा, त्यातली कृत्रिम बुद्धिमत्ता माज ओळखेल आणि मोबाईलवर कळवेल, ही जाहिरात मला थट्टेची वाटत नाही. दुखणं खरं आहे. औषध मात्र दुसऱ्याच जनावरासाठी बनलेलं आहे.

पट्ट्यात हालचाल टिपणारा बारीक सेन्सर असतो. जनावर किती चाललं, मान किती हलली, रवंथ किती वेळ चाललं, याची तो दिवसरात्र नोंद करतो. काही दिवसांत त्या जनावराची नेहमीची रीत संगणकाला कळते आणि तिच्यात फरक पडला की इशारा येतो. इस्रायल, नेदरलँड्स अशा देशांत ही विद्या वाढली. तिथल्या गोठ्यांत शंभर-शंभर होल्स्टीन गाई मोकळ्या फिरतात, आणि माजावर आलेली गाय एरवीपेक्षा कितीतरी जास्त चालते. आमची म्हैस दोन हात दाव्याला बांधलेली. ती चालणार कुठे? राहिलं रवंथ. माजात ते कमी होतं हे खरं. पण म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी थोड्या, त्यामुळे मे महिन्याच्या उकाड्यातही ते कमी होतं. साखर कारखान्यांचा हंगाम संपला, उसाचं वाढं बंद होऊन भाताचा पेंढा सुरू झाला, तरीही कमी होतं. होल्स्टीनवर शिकलेल्या संगणकाला बारडोलीचा ऊस कुठून ठाऊक असणार? चार खोटे इशारे आले आणि डॉक्टर येऊन नुसता परत गेला, की पट्टा खुंटीला लागतो.

डिंडोलीकडे, शिंदखेड्याहून येऊन राहिलेल्या एका कुटुंबाच्या गोठ्यात असाच एक विक्रेता आला होता. त्याचं सगळं सांगून झाल्यावर घरातल्या बाईंनी अहिराणीत विचारलं, ‘‘हाऊ पट्टा बांधीसन म्हैस जास्त दूध देई का?’’ त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी गुजरातीत सांगितलं. तो पुन्हा ॲप दाखवू लागला. बाई शेणाची पाटी उचलून निघून गेल्या. पट्टा घेतला असता तर इशारा जाणार होता मुलाच्या मोबाईलवर, आणि मुलगा पांडेसऱ्यात लूमवर बारा तासांच्या पाळीला. रात्री दोनला म्हैस माजावर आल्याचं त्याला लूमच्या खडखडाटात कळून उपयोग काय? आणि ज्या बाईला कळायला हवं, तिच्या फोनला बटणं आहेत.

इथे मला मणिभाई देसाई आठवतात. हा माणूस आमच्याच सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावचा, जन्म १९२०चा. १९४६ मध्ये गांधीजी उरुळीकांचनला निसर्गोपचारासाठी राहिले, मणिभाई तिथे आले आणि जन्मभर तिथलेच झाले. १९६७ मध्ये त्यांनी बाएफ ही संस्था काढली. होल्स्टीन आणि जर्सीच्या वळूंचं वीर्य उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून नळकांड्यातून खेड्यात न्यायचं आणि गावठी गाईपासून संकरित कालवड जन्माला घालायची, ही त्या काळची अत्याधुनिक विद्या होती. आज संगणकाचं जेवढं अप्रूप, तेवढंच तेव्हा त्या नळकांड्याचं असणार. पण मणिभाईंनी नळकांडं विकलं नाही. नळकांडं घेऊन शेतकऱ्याच्या दारात जाणारा माणूस उभा केला. निरोप आला की तो गोठ्यात हजर, रेतनाची नोंद त्याच्या वहीत, आणि गाय गाभण न राहता उलटली तर पुन्हा तोच दारात. १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सध्याच्या उत्साहात त्यांच्या कामातलं विज्ञान तेवढं आपण उचलतो, दारात जाणारा माणूस विसरतो. पट्ट्यानं पहाटे चारला इशारा दिला आणि त्या दिवशी रेतनाला कोणी आलंच नाही, तर २१ दिवस गेले ते गेलेच.

आता नोंदीकडे येतो. माझ्या मते सगळं घोडं इथेच अडलं आहे.

सुरत आणि तापी जिल्ह्यांतल्या गावोगावच्या दूध मंडळ्या सुमूल या दूध संघाला दूध घालतात. १९५१ पासून चालत आलेला हा सहकार इथल्या खेड्यांचा कणा आहे, आणि त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. मंडळीत आज काटा आपोआप वजन करतो, यंत्र फॅट दाखवतं, पैसे बँकेत जातात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, वा, माहितीचा केवढा साठा! पण कॅनमध्ये डोकवा. घरात तीन म्हशी असतील तर तिघींचं दूध त्या एकाच कॅनमध्ये आहे. काट्याला घर कळतं, म्हैस कळत नाही. कोणती म्हैस खऱ्या अर्थानं घर चालवते, कोणती नुसती खाते, कुणाच्या कासेला दगडी लागायला सुरुवात झाली आहे, हे त्या आकड्यात कुठेही नाही. वर्षानुवर्षं, दिवसातून दोनदा, आपण फार काळजीपूर्वक चुकीची गोष्ट मोजतो आहोत.

याचा फटका कुठे बसतो ते पाहा. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते गाईंसाठी ‘गौचिप’ आणि म्हशींसाठी ‘महिषचिप’ यांचं उद्घाटन झालं. कालवडी-पारड्याच जन्माव्यात यासाठीच्या देशी वीर्यवर्गीकरण तंत्राचंही झालं. चिप ही मोठी गोष्ट आहे. पारडीच्या रक्ताच्या थेंबातून तिच्या जनुकांवरच्या हजारो खुणा वाचता येतात आणि ती पुढे किती दूध देईल याचा अंदाज ती लहान असतानाच बांधता येतो. पण अमुक खूण म्हणजे जास्त दूध, हे संगणकाला शिकवायचं कशावरून? हजारो म्हशींच्या प्रत्यक्ष दुधाच्या नोंदीवरून, आणि तीही म्हशीगणिक. दूध संघ आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या वंशसुधार कार्यक्रमांत अशी नोंद होते, पण निवडक गावांत, निवडक जनावरांची. बाकी सगळा देश एकाच कॅनमध्ये.

आणि ज्याची नोंद नाही त्याची किंमतही नाही. सुरती म्हशीचंच घ्या. नाव सुरतचं असलं तरी तिचा मूळ मुलूख वर मही आणि साबरमतीच्या मधला, खेडा-आणंदकडचा. बुटकी बांधणी, विळ्यासारखी शिंगं, गळ्याखाली दोन पांढरे पट्टे, आणि दुधाला सात-आठ टक्के फॅट. मुऱ्हा किंवा म्हेसाणीपुढे तिचं दूध कमी भरतं, म्हणून तक्त्यात ती खाली जाते. पण ती खातेही कमी. दीड-दोन बिघ्यांवाल्याला तीच परवडते. ती किती खाते याची नोंद कोणी ठेवत नाही, तेव्हा नुसत्या दुधाच्या आकड्यांवर शिकलेली कोणतीही बुद्धिमत्ता तिला नापासच करणार. पुढे बँकेचं कर्ज आणि विम्याची रक्कम अशा गणितांवर ठरू लागली, तर गरिबाच्या गोठ्यातली म्हैस संगणकाच्या साक्षीनं स्वस्त होईल.

कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचंही तेच. बारा आकडी क्रमांक, प्रत्येक जनावराचा वेगळा. योजना उत्तम आहे. पण बिल्ला कान फाडून पडतो, जखमेत अळ्या होतात, म्हैस विकली जाते आणि नोंद जुन्याच मालकाकडे राहते. गोठ्यात न जाता, चहाच्या टपरीवर बसून लशीची नोंद भरतानाही मी माणसं पाहिली आहेत. असल्या नोंदीवर शिकलेला संगणक अगदी ठामपणे खोटं सांगेल. मालकिणीला स्वतःच्या म्हशीची नोंद सहज वाचता येत असती, तर पहिली चूक तिनेच पकडली असती.

जिथे नोंद भरपूर आणि खरी आहे, तिथे हीच विद्या चालते, हेही सांगितलं पाहिजे. २०२२ मध्ये लंपी आला तेव्हा खानदेशातून आणि इकडच्या गावांतून माझ्या फोनवर गाठींचे फोटो येत. कोणती गाठ लंपीची, कोणती गोमाशीच्या चाव्याची, हे फोटोवरून पुष्कळदा कळे. हजारो फोटो पाहिलेला संगणक ते माझ्याइतकंच, कदाचित माझ्याहून बरं ओळखेल आणि रात्री अकराला वैतागणार नाही. डॉक्टर पोचत नाही अशा उच्छल-निझरच्या पाड्यांवर याचा उपयोग आहे आणि तो झालाच पाहिजे. नाकाच्या ठशावरून जनावर ओळखणंही तसंच. माणसाच्या बोटासारखा म्हशीच्या नाकाचा ठसाही वेगळा असतो आणि तो कान फाडून पडत नाही.

नवापूरच्या माणसाला कोंबड्यांबद्दल न बोलता थांबता येत नाही. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात निघाला. कोंबड्या आधीपासून मरत होत्या, मानमोडी म्हणून दिवस गेले. १८ फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेचा निष्कर्ष जाहीर झाला. मग राज्याच्या हद्दीपलीकडच्या उच्छलमध्येही रोग निघाला, जे तेव्हा सुरत जिल्ह्यात होतं. लाखो पक्षी मारून पुरावे लागले. २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा तेच. हजारो पक्ष्यांच्या बंदिस्त शेडमध्ये पाणी पिणं कमी झालं, आवाज बदलला, हे यंत्राला माणसाआधी कळू शकतं. पट्ट्याच्या मानानं हे काम सोपं आहे. पण कळल्यावर मालक ते सांगेल का? सांगितलं तर पक्षी जाणार, अंड्यांचा भाव पडणार, भरपाई कधी आणि किती मिळेल याची खात्री नाही. त्या भीतीवर सेन्सरचा इलाज नाही. भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली, तरच शेडमधला इशारा शेडबाहेर येईल.

म्हणून मंडळ्यांच्या सभासदांना, विशेषतः ज्यांच्या हातांनी धारा निघतात त्या बायांना, माझी विनंती आहे. पुढच्या साधारण सभेत पट्ट्यांच्या खरेदीचा विषय आला, तर आधी महिन्यातून एकदा प्रत्येक म्हशीचं दूध वेगळं मोजायला माणूस आणि काटा मागा, त्या मोजणीचे पैसे संघानं द्यावेत असा ठराव करा, आणि ती नोंद तुमच्या भाषेत, तुमच्या हातात मागा. पट्टा विकणाऱ्याकडे एकच कागद मागा: दाव्याला बांधलेल्या म्हशींवर, आपल्याकडच्या मे महिन्यात केलेल्या चाचणीचे आकडे. ते दाखवले तर पट्टा जरूर घ्या. नाही दाखवले, तर एक रुपयाही देऊ नका.