मनावरचा पहारा

वर्गातील मुलाचे लक्ष कोठे आहे, हे त्याच्या डोळ्यांत पाहून ओळखणारा शिक्षक आता कालबाह्य ठरणार काय? २०१९ साली चीनच्या चच्यांग प्रांतातील चिनह्वा येथे एका प्राथमिक शाळेत मुलांच्या डोक्यावर पट्टे चढले. कपाळावर एक आणि कानांमागे दोन संवेदक. मेंदूतील सूक्ष्म विद्युत्तरंग टिपून यंत्र एकाग्रतेचे गुण देणार. चित्त एकाग्र असेल तर लाल दिवा, भरकटले तर निळा. अहवाल शिक्षकांकडे आणि थेट पालकांच्या मोबाईलवर! गुण कमी पडले की घरी शिक्षा होते, असे एका मुलाने वार्ताहरांना सांगितले. चित्रफीत जगापुढे येताच खुद्द चीनमध्ये संताप उसळला आणि स्थानिक शिक्षण खात्याने तो प्रयोग थांबवला.

येथे विज्ञानाला विरोध करण्याचा प्रश्नच नाही. जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूचा विद्युत आलेख प्रथम नोंदवला. अपस्माराच्या निदानात ते तंत्र आजही उपकारक आहे. कर्णबधिर बालकाला ध्वनीचे जग खुले करणारे कॉक्लिअर इम्प्लांट हे तर वरदानच. तेथे यंत्र मुलाची सेवा करते. चिनह्वात मूल यंत्राची चाकरी करत होते.

आणि यंत्र मोजते तरी काय? कपाळावर टिपलेल्या तरंगांत पापण्यांची उघडझाप आणि स्नायूंची हालचालही मिसळते. खिडकीबाहेर पाहणारे मूल मनात गणित सोडवत आहे की भुकेने व्याकूळ आहे, हे दिव्याच्या रंगाला कसे कळावे?

चिलीने २०२१ साली राज्यघटनेत दुरुस्ती करून मेंदूविषयक माहितीला संरक्षण दिले. भारतात २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने बालकांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली खरी. परंतु २०२५ च्या नियमांनी शैक्षणिक कामासाठी शाळांना त्यातून सवलत दिली. चिनह्वातही कारण शैक्षणिकच होते!

एकाग्रता गोडीतून येते, धाकातून येतो तो केवळ एकाग्रतेचा अभिनय. उद्या असा पट्टा घेऊन विक्रेता शाळेच्या दारी आला, तर त्याची किंमत विचारण्यापूर्वी पालकांनी एवढेच विचारावे : मुलाच्या मनात डोकावण्याचा अधिकार तुम्हाला दिला कोणी?