अराल्डाइटची हेराल्ड

प्लास्टिकचं मॉडेल चुकीच्या गोंदाने जोडलेलं असेल, तर ते वाचवता येतं. योग्य गोंदाने वाकडं जोडलं असेल, तर मात्र कठीण. माझ्या मामाने वयाच्या अकराव्या वर्षी हे दोन्ही प्रकार एकाच गाडीवर करून ठेवले होते. ती गाडी सध्या माझ्या टेबलावर आहे, सुट्या भागांमध्ये.

गाडी ट्रायम्फ हेराल्ड. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं किट, 1:32 प्रमाणातलं, म्हणजे जोडून झाल्यावर जेमतेम 12 सेंटिमीटर लांबीचं. आजोबांचे धाकटे भाऊ बोटीवर इंजिनिअर होते. 1968 साली त्यांनी ते लंडनहून आणलं. दुकानात विमानं होती, रणगाडे होते, तरी त्यांनी हेराल्ड उचलली. कारण आमच्या कोल्हापूरच्या घरासमोर तेव्हा खरी हेराल्ड उभी असायची. आजोबांची, मद्रासला बनलेली.

किटबरोबर त्यांनी गोंदाची एक नळीही आणली होती. हा गोंद मुळात चिकटवतच नाही. त्यातलं द्रावक पॉलिस्टायरीनचा वरचा थर विरघळवतं, दोन्ही भागांचं मऊ झालेलं प्लास्टिक एकमेकांत मिसळतं आणि द्रावक उडून गेलं की मध्ये सांधा असा उरतच नाही. वेल्डिंगच म्हणायचं. मामाने ही नळी खालच्या सांगाड्यावर आणि चाकांवर रिकामी केली. बॉडीची वेळ आली तेव्हा नळी संपलेली, आणि तसा गोंद कोल्हापुरात मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मग काकाआजोबांच्या पेटीतून अराल्डाइटच्या दोन नळ्या निघाल्या. बोटीवर पंपाच्या भेगा बुजवायला वापरतात तो माल. मामाने तो सढळ हाताने वापरला. काचा, छप्पर, बंपर, दिवे, सगळीकडे पिवळे ओघळ. त्यावर घराच्या फाटकासाठी आणलेला हिरवा ऑइलपेंट, भिंत रंगवायच्या ब्रशने.

एवढी विद्रूप गाडी आईने पन्नासहून जास्त वर्षं कपाटात का ठेवली, हे तिलाच माहीत. मी मागितली तेव्हा म्हणाली, “घेऊन जा, पण त्याला सांगू नकोस.” मी अर्थातच मामाला त्याच संध्याकाळी फोन केला.

अराल्डाइट हे इपॉक्सी. ते पॉलिस्टायरीनला विरघळवत नाही, नुसतं वर बसतं, आणि गुळगुळीत प्लास्टिकवर त्याची पकड बेताचीच असते. थंडीत दोन्ही पदार्थ आकसतात, पण सारखे नाही. त्यातून जुनं इपॉक्सी कडक आणि ठिसूळ झालेलं असतं. म्हणून असं मॉडेल रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचं, सकाळी काढल्या काढल्या सांध्यात पातळ पातं सरकवायचं आणि हलकेच पिळायचं. कट्, असा आवाज येतो. छप्पर असंच सुटलं, मग पुढची काच, मग दोन्ही दिवे. मटारच्या पिशवीशेजारी हेराल्ड पाहून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. मामाने चुकीचा गोंद वापरला म्हणून बॉडीचा एकही भाग मोडला नाही. सांगाडा मात्र त्याने अगदी योग्य गोंदाने जोडला होता. तो सुटणार नव्हता.

रंगासाठी डेटॉल. ब्रिटनमधले हौशी लोक कित्येक वर्षं हेच वापरत आले आहेत. त्यातलं अल्कोहोल आणि पाइनसारख्या वासाचं टर्पिनिऑल रंगाचा थर सैल करतं, प्लास्टिकला मात्र काही करत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर लावलात, तर रंग जाईलच, बरोबर गाडीही जाईल. झाकणाच्या डब्यात, पाणी न घालता, निव्वळ डेटॉलमध्ये बॉडी बुडवून ठेवायची. ऑइलपेंट जुना असल्यामुळे वेळ लागला. दर दोन दिवसांनी उघडून टूथब्रशने घासायचं, पुन्हा बुडवायचं. यातली खरी गोम पुढे आहे. डेटॉल पाण्यात गेलं की पांढरं होतं, हे आपल्याकडे प्रत्येक आंघोळीच्या बादलीने पाहिलेलं आहे. त्याच क्षणी त्यात सुटलेला रंगही पुन्हा गोळा होतो आणि पाघळलेल्या गुळासारखा बॉडीला चिकटून बसतो. म्हणून शेवटचं धुणंही कोऱ्या डेटॉलनेच करायचं आणि सगळा हिरवा निघून गेल्यावरच नळाखाली धरायचं. आठवडाभर आमच्या घराला दवाखान्याचा वास होता.

रंग निघाल्यावर दरवाजांच्या रेषा दिसू लागल्या, बॉनेटची कडा दिसू लागली. आणि मग खरा प्रश्न समोर आला: ही गाडी किती सरळ करायची?

हा प्रश्न हेराल्डच्या बाबतीतच पडतो, कारण खरी हेराल्ड हेही एक किटच होतं. इंग्लंडमधल्या स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी 1953 साली प्रतिस्पर्धी मोटार कंपनी बीएमसीने विकत घेतली. एकसंध बॉडी बनवून देणारं कुणी हाताशी नाही म्हटल्यावर स्टँडर्ड-ट्रायम्फने बाकीचे सगळे सोडत असलेली पद्धत धरली. खाली स्वतंत्र चॅसी, आणि वर वेगवेगळ्या ठिकाणी बनवलेले बॉडीचे तुकडे बोल्टने कसून बसवायचे. त्या सक्तीतून आलेल्या गाडीला तुरिनच्या जोव्हानी मिकेलॉत्तीने असं रूप दिलं की बघणाऱ्याला ती अडचणीतून जन्मली असं वाटूच नये. 1959 साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ती लोकांसमोर आली, तेव्हा कामगारांनी मंचावरच सुटे भाग जोडून काही मिनिटांत गाडी उभी करून दाखवली. बॉनेट आणि पुढची मडगार्डं मिळून एकच तुकडा, तो अख्खा पुढच्या बाजूला उलटायचा. इंजिनवर काम करणारा मिस्त्री आरामात पुढच्या चाकावर बसू शके. गाडी 25 फुटांत वळायची, म्हणजे लंडनच्या टॅक्सीइतक्या जागेत.

तुकड्यांची गाडी खोक्यांत भरून दूरच्या देशात पाठवणं सोपं. मद्रासजवळ वंडलूरला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने 1961पासून ‘स्टँडर्ड हेराल्ड’ बनवायला घेतली आणि हळूहळू तिचे भागही इथेच तयार होऊ लागले. त्या काळी आपल्याला मिळणाऱ्या गाड्या तीनच: अँबॅसडर, फियाट आणि हेराल्ड. पुढे 1960च्या दशकाच्या शेवटी मद्रासवाल्यांनी तिला चार दरवाजे दिले. चारदारी हेराल्ड इंग्लंडने कधी बनवलीच नाही. आजोबांची दोनदारी होती, एअरफिक्सचीही दोनदारीच.

आता तुकडे बोल्टने जोडलेल्या गाडीत फटी असणारच. हेराल्डवर जीव टाकणारे लोकसुद्धा तिच्या फटींबद्दल बोलताना जरा हसतात. बॉनेट बिजागऱ्यांवर पुढेमागे करायचं, दरवाज्याखाली पातळ पट्ट्या सारायच्या आणि सगळं जुळवत बसायचं. आमच्या हेराल्डने गगनबावड्याच्या रस्त्यावर एका बैलगाडीला नाक लावलं होतं. त्यानंतर तिच्या बॉनेटची डावी कडा कायम थोडी वर राहिली. आजोबा म्हणायचे, गाडीने भुवई उंचावली आहे.

मॉडेलमध्ये हा हिशेब फार निष्ठुर होतो. 1:32 म्हणजे मॉडेलवरचा एक मिलिमीटर खऱ्या गाडीवर 32 मिलिमीटर. मामाने बॉनेट आणि काचेच्या खालच्या पट्टीमध्ये दीड मिलिमीटरची फट सोडली होती. खऱ्या गाडीत ती जवळजवळ पाच सेंटिमीटर झाली असती, मुंगूस आत गेलं असतं. उलट खऱ्या हेराल्डची पाच-सहा मिलिमीटरची फट मॉडेलवर दाखवायची, तर ती 0.2 मिलिमीटरहून कमी हवी, म्हणजे साध्या कागदाच्या दोन पानांइतकी. रंगाचंही तेच. फाटकाच्या ऑइलपेंटचा जो थर होता, त्या मापाने खऱ्या गाडीवर करंगळीएवढा जाड रंग बसला असता.

मॉडेलच्या जगात उत्तम कारागिरी म्हणजे फटच नाही, अशी एक समजूत आहे. पुट्टी भरा, घासा, प्रायमर मारा, पुन्हा भरा, आणि शेवटी साबणाच्या वडीसारखी सलग बॉडी करा. स्पर्धांमधली अशी मॉडेलं मी पाहिली आहेत आणि ती बनवणाऱ्यांच्या हातांना दाद दिली आहे. पण तशी हेराल्ड मला खोटी वाटते. हेराल्ड सलग नव्हतीच. म्हणून मी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून आणलेली एनसी पुट्टी फक्त मामाच्या फटींत भरली. अगदी पातळ थर, एक सुकल्यावर दुसरा, कारण जाड थर लावला तर तिच्यातलं द्रावक प्लास्टिक खातं आणि वर पुट्टी आकसून खड्डा पडतो तो वेगळाच. 400 नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरुवात, मग 1000. मिकेलॉत्तीच्या रेषा मात्र सुईने पुन्हा कोरून घेतल्या.

सांगाड्याचं काय? मागची दोन्ही चाकं मामाने तिरकी चिकटवली होती, खालून बाहेर फाकलेली. वेल्ड झालेला सांधा. कापायचा तर चाकच जायचं. पॉलिस्टायरीन 100 अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे उकळत्या पाण्यात धरून वाकवता आलं असतं. पुढचं जे एक चाक जमिनीला टेकत नव्हतं, ते मी तसंच टेकवलं. मागच्यांना हात लावला नाही. कारण खऱ्या हेराल्डला मागे स्विंग अ‍ॅक्सल असतो: प्रत्येक चाकाचा दांडा मधल्या डिफरन्शियलपाशी झुलतो, त्यामुळे मागे माणसं आणि सामान भरलं की चाकं खालून बाहेर फाकतात, आणि वळणावर जोर केला तर उलट आत दुमडू पाहतात. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलाने नकळत मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या बसवल्या होत्या. ही चूक सुधारणारी मी कोण?

काचेवरचे पिवळे ओघळ फ्रीजरमध्ये बरेचसे निघाले. उरलेलं 1500, 2000 नंबरच्या ओल्या कागदाने आणि मग रबिंग कंपाउंडने. गाड्यांच्या धुरकट हेडलाइटवर गॅरेजवाले जे करतात तेच, फक्त बोटाच्या टोकाने. मागच्या एका खिडकीची काच हरवली होती. ती सीडीच्या जुन्या डबीतून कापली, कारण ती डबीही पॉलिस्टायरीनचीच. वायपरसाठी किटच्या जुन्या चौकटीचा तुकडा हवा असतो, ज्याला या छंदातले लोक स्प्रू म्हणतात. मामाने तो 1968मध्येच फेकला असणार. शेजारच्या मुलाने नुकत्याच बांधलेल्या विमानाचा मिळाला. मेणबत्तीच्या वर धरून मऊ झाल्यावर दोन्ही हातांनी सावकाश ओढला की केसाएवढी तार निघते.

“नवीनच का घेत नाहीस?” असं विचारणारे भेटतात. एअरफिक्सने हे किट मधल्या काळात पुन्हा बाजारात आणलंही. अमेरिकेतल्या लोकांना मात्र हा सल्ला देता येत नाही. तिथे एएमटी ही कंपनी 1958पासून दरवर्षी डेट्रॉइटच्या नव्या गाड्यांची 1:25 प्रमाणातली किट काढत असे. पुढच्या वर्षी खऱ्या गाडीचं नाक-शेपूट बदललं की त्याच साच्यात फेरफार करून नवं किट निघायचं. जुना साचा संपला. त्यामुळे त्या काळच्या कित्येक गाड्या आज उरल्या असतील, तर त्या कुठल्या तरी मुलाने गोंदात बरबटवलेल्या अवस्थेतच. तिथले जाणकार अशा मॉडेलांना ग्लू बॉम्ब म्हणतात, जुन्या बाजारात ती शोधत फिरतात आणि त्यातली बॉडी वाचवतात. त्या गाड्यांना आणखी एक रोग असतो. टायर मऊ व्हिनाइलचे, आणि त्यातलं मऊपणा देणारं रसायन वर्षानुवर्षं पाझरून कडक प्लास्टिकच्या चाकांना विरघळवत राहतं. कपाटात नुसत्या पडून राहिलेल्या गाडीची चाकंही टायरच खातात. त्या मानाने मामाची हिरवी हेराल्ड सुखात होती.

मामा मागच्या महिन्यात येऊन पाहून गेला. चष्मा वर करून, हातात घेऊन बराच वेळ फिरवली. मग म्हणाला, “बॉनेट सरळ बसवलंस होय गं? मग ही आपली नव्हे.” मी डावी कडा पुन्हा किंचित उचलली, 0.3 मिलिमीटर. आता ती इंग्लंडची राहिली नाही, कोल्हापूरची झाली. त्यावर तो खूश होईल असं वाटलं होतं, पण तोवर त्याने रंगाचा विषय काढला होता.

तो म्हणतो, गाडी दुधी रंगाची होती. आई म्हणते, फिकट पोपटी, डोळे मिटून सांगते. फोटो तीन आहेत आणि तिन्ही कृष्णधवल, ज्यांत दोन्ही रंग सारखेच राखाडी दिसतात. दोघांना आठवणीची एवढी खात्री आहे की फोनवरचं बोलणं तोडावं लागलं. मी मधला मार्ग सुचवला. हेराल्ड इंग्लंडमध्ये कारखान्यातूनच दोन रंगांतही मिळायची. वर एक, खाली एक, तसं करू का? यावर बहीण-भावाचं पहिल्यांदाच एकमत झालं. ते शक्यच नाही म्हणे. दुसऱ्या रंगाचे जादा पैसे अण्णांनी, म्हणजे आजोबांनी, दिलेच नसते.