व्ह्यू मस्तय, पण टेकडी कुणाची?

पुण्यातल्या नव्या स्कीम्सची चार ब्रोशर्स शेजारी-शेजारी ठेवून बघा. नावं वेगळी, बाकी सगळं सेम. एक स्विमिंग पूल, दात दाखवून हसणारं चौकोनी कुटुंब, बाल्कनीत कॉफीचा मग आणि मागे हिरवीगार टेकडी. ‘हिल व्ह्यू’ हे दोन शब्द छापले की स्क्वेअर फुटाचा रेट आपोआप चढतो. आपणही तो हसत-हसत देतो. दिवसभर मॉनिटरकडे बघून कंटाळलेल्या डोळ्यांना संध्याकाळी थोडं हिरवं दिसावं, एवढीच तर अपेक्षा असते.

पण त्या चकचकीत कागदावर एक गोष्ट कधीच नसते. टेकडी नक्की कुठे संपते आणि आपली बिल्डिंग कुठे सुरू होते, ती रेष. आज या रेषेबद्दलच बोलायचंय. विषय रुक्ष आहे, मान्य. पण वीस वर्षांचा ईएमआय त्याहून रुक्ष असतो, त्यामुळे जरा दम धरा.

एकास पाच

ही रेष कुणाच्या मर्जीवर नाही, ती गणितात आहे. बांधकाम नियमावलीत डोंगरमाथा-डोंगरउतार असा प्रकार आहे. साध्या भाषेत सांगायचं तर पाच मीटर आडवं गेल्यावर जमीन एक मीटर किंवा त्याहून जास्त चढत असेल, तर तिथे इमारत बांधायची नाही. एकास पाच. पायी चढताना हा उतार फार वाटत नाही. रोज सकाळी हनुमान टेकडीवर पळणाऱ्यांना तर तो जाणवतही नसेल. पावसाच्या पाण्याला मात्र बरोब्बर जाणवतो.

याशिवाय बीडीपी आहे. म्हणजे जैवविविधता उद्यान. १९९७ मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत २३ गावं आली. त्यांच्यातल्या टेकड्यांवर हे आरक्षण टाकायचं की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद चालला आणि शेवटी २०१५ मध्ये सरकारने त्याच्यावर शिक्का मारला. कोथरूड, बावधन, वारजे, बाणेर... आपल्यातले निम्मे लोक जिथे घर शोधत फिरतात, तोच हा पट्टा. थोडक्यात काय, तर तुम्हाला आवडलेली टेकडी बऱ्याचदा आरक्षणातली असते आणि तिच्या पायथ्याशी कुणीतरी ‘प्राइम लोकेशन’चा बोर्ड लावलेला असतो.

जेसीबी येतो तेव्हा

टेकडी फोडली की नेमकं होतं काय? आपल्याकडच्या टेकड्या काळ्या पाषाणाच्या. वरचा दगड झिजून त्याचा मुरूम होतो आणि मुरमावर मातीचा पातळ थर बसतो. हा सगळा ऐवज धरून ठेवतात गवताची आणि झुडपांची मुळं. जेसीबी आला की पहिल्यांदा जातं ते गवत. मग प्लॉट सपाट करण्यासाठी उतार उभाच्या उभा कापला जातो, केक कापावा तसा. उन्हाळ्यात तो कापलेला कडा झक्कास उभा राहतो, आणि साइट व्हिजिटसुद्धा उन्हाळ्यातच असते! जूनमध्ये पाणी आत मुरतं, मुरूम जड होतो, सुटतो आणि चिखल होऊन खाली येतो.

जून २०१३ मध्ये शिंदेवाडीजवळ हेच झालं. कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की साताऱ्याकडे जाताना हे गाव लागतं. तिथे बेकायदा डोंगरफोड झाली होती. जोराचा पाऊस आला, पाण्याचा नैसर्गिक रस्ता बंद झालेला, लोंढा थेट हायवेवर आला आणि एक कार वाहून गेली. कारमधली आई आणि तिची चिमुकली मुलगी दोघीही गेल्या. डोंगर कापणारं कुणीही त्या कारमध्ये नव्हतं.

२०१९ च्या २९ जूनला मध्यरात्रीनंतर कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत पलीकडच्या साइटवरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. १५ जण मेले. त्याच आठवड्यात आंबेगावला आणखी एक भिंत पडली, तिथे सहा जण. दोन्हीकडे मेले ते आपल्यासाठी फ्लॅट बांधायला आलेले लोक. त्यांच्या पत्र्याच्या खोलीतून कुठलाच व्ह्यू दिसत नव्हता.

मातीचा भार पेलणारी भिंत बांधणं हे रॉकेट सायन्स नाही. मागचं पाणी बाहेर पडावं म्हणून भिंतीला भोकं ठेवायची, उतार एकदम न कापता पायऱ्या-पायऱ्यांनी कापायचा, वरच्या अंगाला समतल चर खणायचे, गवत लावायचं. चर खणायचं काम तर आपल्याकडच्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण पायऱ्यांनी कापलं की जागा जास्त जाते, आणि जागा म्हणजे पैसा. तिथे गाडी अडते.

खाली कोण राहतं?

वरून सुटलेली माती गायब होत नाही. ती गटारात बसते, मग ओढ्यात. तळ वर येतो, पात्र उथळ होतं. त्यात दोन्ही काठांनी बांधकामं सरकत-सरकत पाण्यात आलेली. आंबिल ओढ्याचंच बघा. कात्रजच्या तलावापासून निघून सहकारनगर, अरण्येश्वर करत तो मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि हा ‘नाला’ एकाएकी नदी झाला. टांगेवाला कॉलनीत घरं गेली, सोसायट्यांच्या भिंती गेल्या, पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या. शहर आणि जिल्ह्यात मिळून वीसपेक्षा जास्त माणसं दगावली.

पाऊस प्रचंड होता, हे खरंच. पण पाणी कुठून जाणार, हे आपण अगोदरच ठरवून ठेवलं होतं. डोंगरावर सिमेंट आलं, की मुरणारं पाणी पळायला लागतं आणि खाली ओढा अरुंद असला की ते घरात शिरतं. वर राहणाऱ्याला व्ह्यू आणि खाली राहणाऱ्याला चिखल, असा हा हिशोब आहे.

नोटीस नावाचा कागद

मग महापालिका झोपली होती का, असं तुम्ही विचाराल. गंमत म्हणजे कागदावर ती अजिबात झोपलेली नसते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६ सालचा आहे. विनापरवाना बांधकामाला नोटीस द्यायची, काम थांबवायचं, पाडायचं, फौजदारी खटला भरायचा, सगळे अधिकार त्यात आहेत. याच कायद्याच्या ५२ व्या कलमात एक महिना ते तीन वर्षं कैदेची शिक्षा आहे. आणि दंड? किमान दोन हजार, कमाल पाच हजार रुपये. त्या काळी ही रक्कम मोठी असेल. आज एका वीकएंडच्या पार्टीचं बिल याहून मोठं येतं.

दुसरी भानगड अशी की बघणारे हात अनेक आहेत. बांधकामाची परवानगी महापालिकेची, हद्दीबाहेर पीएमआरडीएची. पण डोंगरातून निघालेला मुरूम आणि दगड हे गौण खनिज, म्हणजे मामला महसूल खात्याचा, तहसीलदारांचा. जमीन वनखात्याची असेल तर ते तिसरेच. माझी एक मैत्रीण राहते त्या सोसायटीच्या मागे रात्री डंपर चालायचे. सोसायटीने एका ऑफिसात तक्रार दिली. उत्तर आलं, खोदाई आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या ऑफिसने सांगितलं, परवानगी त्यांनी दिलीय, त्यांनाच विचारा. दोन्ही उत्तरं नियमाला धरूनच होती. दोन महिन्यांत दोन्ही फायली जाड झाल्या आणि टेकडी बारीक.

नोटीस निघणं आणि काम थांबणं, यांच्यात खूप मोठं अंतर असतं. या अंतरात स्लॅब पडतात, फ्लॅट विकले जातात, लोक राहायला येतात. आणि एकदा माणसं राहायला आली की प्रश्न कायद्याचा राहत नाही, सहानुभूतीचा होतो. मग ‘नियमित करा’ अशी मागणी येते. गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये आला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली गेली. ज्यांना शहरात दुसरीकडे परवडत नव्हतं, त्यांना याने दिलासा मिळाला, हे नाकारता येणार नाही. पण ज्याने प्लॉट पाडून विकले, त्याला जो धडा मिळायचा तो मिळालाच: आधी बांधा, नंतर बघू.

सुप्रीम कोर्टाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात या ‘नंतर बघू’वरच बोट ठेवलं. मंजूर नकाशा काम संपेपर्यंत साइटवर लावून ठेवायचा. अधिकाऱ्यांनी ठरावीक काळाने पाहणी करून तिची नोंद ठेवायची. पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय ताबा नाही, वीज-पाणी नाही. बँकांनीही हे प्रमाणपत्र तपासल्यावरच इमारतीच्या तारणावर कर्ज द्यायचं. चुकीचं प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाई. आता हा निकाल साइटवर पोहोचला की नाही, हे तपासणं अवघड नाही. पुढच्या वेळी गेटवर फक्त एवढंच विचारा, ‘मंजूर नकाशा कुठे लावलाय?’ समोरच्या सेल्समनच्या चेहऱ्यावर उत्तर वाचता येईल.

‘रेरा नंबर आहे ना, मग झालं!’

नाही झालं, बॉस! रेरा आल्यापासून आपल्या खिशात एक चांगलं हत्यार आलं, यात वादच नाही. पण डोंबिवली-कल्याणमध्ये काय झालं ते आठवा. ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या खोट्या परवानग्या तयार केल्या गेल्या आणि त्याच खोट्या कागदांवर रेराची नोंदणीही मिळाली. २०२२ मध्ये गुन्हे दाखल झाले, नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडायचा आदेश दिला. आत राहणाऱ्यांनी होम लोन काढलं होतं, स्टॅम्प ड्युटी भरली होती, वास्तुशांतही केली होती. त्यांनी कागद मागितले नव्हते असं नाही. त्यांना कागद मिळाले होते. फक्त ते ज्या ऑफिसचे म्हणून दाखवले होते, त्या ऑफिसात जाऊन कुणी पडताळले नव्हते.

साइट व्हिजिटला जाताना

गॉगल, पाण्याची बाटली आणि हे एवढं सोबत न्या.

• झोन दाखला मागा. त्या सर्व्हे नंबरवर डोंगरमाथा-डोंगरउतार, बीडीपी, ग्रीन झोन किंवा पूररेषा आहे का, हे त्यावरून कळतं. सातबारा ऑनलाइन फुकट बघता येतो. त्यातला सर्व्हे नंबर आणि करारातला नंबर एकच आहे ना, ते बघा.

• मंजूर नकाशा आणि बांधकाम परवानगीचा नंबर लिहून घ्या आणि तो महापालिकेच्या किंवा पीएमआरडीएच्या रेकॉर्डशी जुळवा. बिल्डरने दिलेल्या झेरॉक्सशी नव्हे.

• ‘ग्रामपंचायतीची परवानगी आहे’ या वाक्यावर विसंबू नका. गावठाणाबाहेरच्या सहा मजल्यांना ग्रामपंचायतीचा ठराव पुरत नाही. तसंच मिळकत कराची पावती आणि विजेचं मीटर म्हणजेही अधिकृत असल्याचा दाखला नव्हे. कर बेकायदा बांधकामालाही लागतो.

• तयार फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र बघितल्याशिवाय चेकबुक उघडू नका. ‘ओसी प्रोसेसमध्ये आहे’ याचा मराठी अर्थ ‘ओसी नाही’ असाच होतो.

• पावसाळ्यात एकदा जाऊन या. बिल्डिंगच्या मागच्या बाजूला जा. भिंतीतल्या भोकांतून पाणी येतंय का, येणारं पाणी गढूळ आहे का, भिंतीला फुगवटा किंवा आडवी चीर आहे का, ते बघा. गढूळ पाणी म्हणजे मागची माती सुटते आहे.

• शंका असेल तर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपये फी, उत्तराला तीस दिवस. तेवढा धीर नसेल तर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरच्या आणि खालच्या सरकारी कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना फायली बघता येतात. हाफ डे टाकावा लागेल. पण आपण नवीन मोबाईल घेताना आठवडाभर रिव्ह्यू वाचतो, मग घरासाठी एक हाफ डे काय मोठा?

हे सगळं करून तुमचं घर वाचेल, हा झाला फायद्याचा भाग. पण यात आणखीही काहीतरी आहे. पालिकेचा इंजिनीअर साइटवर दोनदा येईल, तहसीलदार एकदा येईल, कोर्ट दहा वर्षांनी येईल. सगळ्यात आधी आणि पैसे घेऊन येतो, तो आपण. पन्नास जणांनी झोन दाखला मागितला आणि तो मिळत नाही म्हणून बुकिंग केलं नाही, तर त्या टेकडीवर जेसीबी चढवणं परवडणारच नाही. पाच हजारांच्या दंडाला न घाबरणारा माणूस रिकाम्या फ्लॅटला मात्र जाम घाबरतो.

तेव्हा व्ह्यू बघाच. फक्त बाल्कनीतून वर बघून झालं की एकदा खालीही बघा.