बेगमी की अडगळ?

बार्शीच्या पेठेतील एका कापड दुकानात श्रावणातील एका दुपारी साड्यांचा एजंट नवी योजना घेऊन आला. शंभर साड्या घेतल्यास दहा साड्या विनामूल्य. गादीवर बसलेल्या अण्णांनी नमुने पाहिले, पोत चाचपला आणि मुलाला एकच प्रश्न केला, "या जातीचा माल आपल्याकडे महिन्याला किती जातो?" मुलाने वही पाहून सांगितले, "आठ नग." अण्णांनी मनाशी हिशोब केला. एकशे दहा साड्या संपावयास चौदा महिने लागणार. तोवर काठांची तऱ्हा बदलणार, घड्या विटणार आणि रक्कम मालात अडकून राहणार. त्यांनी एजंटला चहा पाजला आणि नम्रपणे नकार दिला.

दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिनाची सुट्टी होती. मुलगा आणि सूनबाई सोलापूरला गेली आणि तेथील एका मोठ्या दालनातील सेलमधून गाडी भरून किराणा घेऊन परतली. तूरडाळ १२ किलो, रवा १० किलो, बेसन ८ किलो, शेंगदाणे ५ किलो, तेलाचे डबे, साखर. शिवाय बिस्किटे, नूडल्स आणि तयार चटण्यांच्या बाटल्या. बिल ९,८०० रुपयांचे होते आणि त्याच्या तळाशी ठळक अक्षरांत छापले होते : आपली बचत १,७०० रुपये.

पिशव्या रित्या करताना सासूबाईंनी विचारले, "एवढा रवा कधी संपायचा गं?"

"आई, एकावर एक फुकट होता," सूनबाई म्हणाली. तिच्या स्वरात समाधान होते, आणि ते खोटे नव्हते. घरासाठी दोन पैसे वाचवावेत या हेतूनेच तिने दोन तास रांगेत काढले होते.

अण्णा काही बोलले नाहीत. स्वयंपाकघराच्या व्यवहारात पुरुषांनी डोके घालू नये, असा त्या घरचा शिरस्ता. तथापि आदल्या दिवशी दुकानात विचारला गेलेला प्रश्न, महिन्याला किती जातो, घरात कोणीच विचारला नाही. व्यापारी कुटुंबांत ही विसंगती वारंवार आढळते. पेढीवर पै-पैचा हिशोब ठेवणारे घर कोठीघराच्या उंबऱ्याशी आले की हिशोब विसरते.

सेल कशासाठी असतो, हे खरे तर व्यापाऱ्याला सांगावे लागू नये. पडून राहिलेला माल हलवणे, अडकलेले भांडवल मोकळे करणे आणि गोदामात नव्या मालासाठी जागा करणे, ही त्याची मुख्य प्रयोजने. २६ जानेवारी २००६ रोजी बिग बाजारने 'सबसे सस्ता दिन' आरंभला आणि राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी किराणा भरण्याची सवय शहरांना लागली. त्यात गैर काही नाही. मात्र दुकानदाराने आपल्या गोदामातील भार उतरवला, तर तो भार कोणाच्या तरी घरी चढणारच. ज्या घरी त्याचा खप वेळेत होईल तेथे ती बेगमी. जेथे होणार नाही तेथे ती अडगळ.

जुन्या पिढीची बेगमी हीदेखील साठवणच होती. पण तिचे वेळापत्रक शेताने ठरवलेले असे. नवी तूर पौष-माघात बाजारात येते, हरभरा आणि रब्बीची ज्वारी फाल्गुनाच्या आगेमागे, गहू चैत्रात. तिखटाच्या मिरच्या आणि हळद यांचाही हंगाम त्याच सुमाराचा. आवक भरपूर, माल ताजा आणि पुढे वैशाखाचे कडक ऊन. गहू उन्हात वाळवायचा, पूर्ण निवाला की मगच पिंपात भरायचा, कारण गरम धान्य झाकले तर आत दमटपणा धरतो. थरांमध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा. तूरडाळीला एरंडेलाचे हलके बोट लावायचे. मृगाचा पाऊस येण्यापूर्वी कोठीघर बंद झालेले असे.

स्वातंत्र्यदिनाचा सेल याच्या अगदी उलट वेळी येतो. हवेत ओल असते, ऊन नसते आणि चातुर्मास चालू असतो. याच दिवसांत सोंडे, भुंगे आणि अळ्या सर्वाधिक वाढतात. रवा, बेसन, मैदा यांसारखे दळलेले जिन्नस अखंड धान्याहून फार लवकर बिघडतात, कारण दाण्याचे कवच त्यांना उरलेले नसते. धर्मपरंपरेने हे फार पूर्वी ओळखले आहे. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ दिवस आणि हिवाळ्यात ७ दिवस मानली जाते. श्वेतांबर परंपरेत मिठाईचा काळ याच क्रमाने १५, २० आणि ३० दिवसांचा. दोन्हींत पावसाळ्याची मुदत सर्वांत कमी आहे. त्याच ऋतूत माळ्यावर १० किलो रवा चढवणे म्हणजे संकटाला निमंत्रणच.

बार्शीच्या त्या घरी पुढे काय झाले, ते दोन वह्यांत विभागून लिहिले गेले.

त्या घरचा किराणा महिन्याला १२,००० रुपयांचा. त्यापैकी ७,००० रुपये १५ ऑगस्टपूर्वीच खर्च झाले होते. उरलेले ५,००० आणि कन्येच्या वसतिगृहाच्या हप्त्यासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतील ४,८०० मिळून सेलचे बिल भागले. पुढील महिन्यात किराणा कमी लागेल, तेव्हा ही रक्कम जागच्या जागी ठेवू, असा सूनबाईचा विचार होता. तो विचार चुकला. माल चार-पाच महिन्यांचा होता. त्यामुळे एका महिन्यातील बचत त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढीच होणार. शिवाय दूध, भाजी, फळे यांना सेलचा माल पर्याय होत नाही, आणि पर्युषणाच्या पारण्याला पाहुणे आले ते वेगळेच. महिनाअखेर हाती आले जेमतेम १,५०० रुपये. वसतिगृहाचा हप्ता दारात उभा होता आणि तूट ३,३०० रुपयांची होती. ती मुलाने दुकानाच्या गल्ल्यातून भागवली आणि रोजमेळात लिहिले : घरखर्च उचल.

रक्कम मोठी नव्हती. पण त्या घरात तीस वर्षे एक नियम पाळला गेला होता. दरमहा ठरलेली रक्कम घरात द्यायची. गल्ल्याला घराने हात लावायचा नाही. गल्ला म्हणजे नफा नव्हे. त्यात व्यापाऱ्यांची देणी असतात, नोकरांचे पगार असतात, उद्याच्या मालाची रक्कम असते. घराचा हात एकदा गल्ल्याकडे वळला की तो दुसऱ्यांदा अधिक सहज वळतो. चालती दुकाने खचतात, त्यांतील कित्येक मोठ्या तोट्याने खचत नाहीत. अशा लहान लहान उचलींनी पोखरली जातात.

दुसरी नोंद कोठीघरातली. तूरडाळ, साखर आणि तेल उत्तम उपयोगी पडले. त्या खरेदीत काही चूक नव्हती. मात्र आश्विनात ७ किलो रव्याला जाळी धरली, ४ किलो बेसन कडवट झाले आणि ३ किलो शेंगदाण्यांना खवट वास आला. बुरशीचा किंवा खवटपणाचा संशय आलेला शेंगदाणा तर निवडून वापरण्याच्याही योग्यतेचा नसतो. ४२ रुपयांनी रवा, ९५ रुपयांनी बेसन आणि १३० रुपयांनी शेंगदाणे धरल्यास ही घट १,०६४ रुपयांची. बिस्किटे, नूडल्स आणि चटण्या, ज्या एरवी घरात आल्याच नसत्या, त्यांचे १,१५० रुपये. एकूण २,२१४. बिलावर छापलेली बचत १,७०० रुपयांची होती. म्हणजे प्रत्यक्षात घर ५१४ रुपयांनी मागे गेले.

सासूबाईंना मात्र रुपयांहून अधिक लागले ते त्या रव्यातील जीव पाहून. असा जिन्नस खाता येत नाही, उन्हात टाकता येत नाही आणि कचऱ्यातही फेकवत नाही. त्या संध्याकाळभर सूप घेऊन बसल्या आणि हलक्या हाताने एकेक जीव वेगळा करून अंगणातील सावलीत ठेवत राहिल्या. सूनबाई शेजारी बसली. बराच वेळ कोणी बोलले नाही. अखेर सूनबाई म्हणाली, "आई, पुढच्या खेपेला मी आधी डबे पाहीन." सासूबाई म्हणाल्या, "माझंही चुकलं. मला त्या दिवशीच दिसत होतं. नुसतं विचारून गप्प बसले."

साठवणीचा प्रश्न जैन गृहस्थाला येथे खोलवर भिडतो. तत्त्वार्थसूत्रात परिग्रह-परिमाण व्रताच्या अतिचारांत सोने-चांदीबरोबर धन-धान्याचाही उल्लेख आहे. गरजेपुरते धान्य भरणे ही जबाबदारी. गरजेचा अंदाजच न घेता भरणे हा परिग्रह, आणि त्याची परिणती पुष्कळदा हिंसेत होते.

दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी अण्णांनी रोजमेळ चाळला, तेव्हा ती उचल त्यांच्या दृष्टीस पडली. त्यांनी दोष कोणालाच दिला नाही. त्यांनी एक कोरी वही सूनबाईच्या हाती दिली आणि म्हणाले, "दुकानाचा माल जसा लिहितो, तसाच घरचा लिही. मी त्यात लक्ष घालणार नाही. ही वही तुझी."

त्या वहीत तीन रकाने आखले गेले : महिन्याचा खप, हाती असलेली शिल्लक आणि जिन्नस टिकण्याची मुदत. पहिले दोन महिने केवळ नोंदी ठेवल्या. तूरडाळ महिन्याला ५ किलो जाते, रवा दीड किलो, बेसन एक किलो, हे प्रथमच आकड्यांत दिसले. त्यावरून नियम ठरला : खप आणि मुदत यांत जे कमी पडेल, तेवढीच खरेदी, त्यातून घरातील शिल्लक वजा. रवा पावसाळ्यात महिनाभराहून अधिक ठेवायचा नाही असे ठरल्यावर सेल कितीही मोठा असला, तरी दीड किलोच्या पुढे जाण्याचा प्रश्नच उरला नाही.

दुसरा नियम रकमेचा. किराण्याच्या १२,००० रुपयांतून १,००० रुपये दरमहा 'बेगमी खाते' म्हणून वेगळे काढले जाऊ लागले. सेल असो वा हंगाम, जादा खरेदी केवळ याच खात्यातून. खात्यात रक्कम नसेल तर सूट कितीही असो, ती आपल्यासाठी नाही. न वापरलेली रक्कम पुढे ओढायची आणि चैत्र-वैशाखात गहू, ज्वारी व डाळी भरण्यास लावायची.

तिसरा नियम दुकानात पाळण्याचा. सूट छापील किमतीवर सांगितली जाते. पेठेतील किराणावाला मात्र बहुधा छापील किमतीखालीच विकतो. म्हणून तुलना करायची ती नेहमीच्या खरेदीच्या दराशी. पाकिटावर आता एककाची विक्री किंमतही छापलेली असते. एक किलोहून लहान पाकिटावर ती ग्रॅमला आणि मोठ्या पाकिटावर किलोला असते, हे ध्यानी ठेवावे. पाचशे ग्रॅमच्या पाकिटावर ग्रॅमला ०.१८ रुपये लिहिले असेल तर तो दर किलोला १८० पडतो; शेजारच्या दोन किलोच्या पिशवीवर किलोला १९२ असेल, तर मोठी पिशवीच महाग. तसेच खोक्यावरील तारीख पाहिल्याशिवाय काही उचलू नये. मुदत सरत आलेला माल सेलमध्ये पुढे मांडलेला असणे स्वाभाविक आहे.

चौथा नियम कोठीघरातला. प्रत्येक डब्यावर भरल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी. जुने पुढे, नवे मागे. दर पंधरवड्याला एकदा झाकणे उघडून पाहणी. कीड मारणाऱ्या विषारी गोळ्या धान्यात ठेवायच्या नाहीत, हे तर सासूबाईंनी प्रथमपासूनच बजावले होते. अशा गोळ्यांचा वायू माणसांच्याही जिवावर बेतू शकतो. कीड होऊच नये इतकाच साठा करणे, ही सर्वांत सोपी जयणा.

सेलचा खरा लाभ कोणत्या वस्तूंत आहे, हेही वहीने दाखवून दिले. अंगाचा आणि भांड्यांचा साबण, धुण्याची पूड, दंतमंजन, मीठ या वस्तूंचा खप ठरलेला असतो, त्यांना कीड लागत नाही आणि त्या महिनोन्‌महिने टिकतात. त्यांची सहा महिन्यांची खरेदी सेलमध्ये करणे शहाणपणाचेच. साखर आणि सीलबंद तेल यांनाही मर्यादेत जागा आहे. दळलेले जिन्नस, सुका मेवा, शेंगदाणे आणि कुटलेले मसाले यांच्या बाबतीत मात्र थोडे आणि ताजे हेच स्वस्त.

पुढील वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत सूनबाई पुन्हा सोलापूरच्या त्याच दालनात गेली. या खेपेस सासूबाईही सोबत होत्या आणि हाती यादी होती. बिल झाले १,६४० रुपयांचे, आणि ते बेगमी खात्यातून दिले गेले. रव्यावर त्या दिवशीही एकावर एक विनामूल्य होता. दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि त्या पुढे गेल्या.

वसतिगृहाचा हप्ता ठरल्या तारखेस भरला गेला. दिवाळीला अण्णांनी रोजमेळ उघडला तेव्हा घरखर्च उचल या नावापुढे वर्षभरात एकही आकडा नव्हता. त्यांनी नव्या वहीवर स्वस्तिक रेखले आणि शेजारी सूनबाईची कोठीघराची वहीही पूजेत ठेवण्यास सांगितले.