परत जायचे का, आणि कोणत्या बोलीवर?



आज थोडे समुद्रावर जाऊन येऊ. भोकरच्या शिवारातले सोयाबीन, तूर, कापूस सोडून जहाजाची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण गोष्ट जहाजाची असली तरी तिच्यातला प्रश्न आपल्या ओसरीवरचा आहे. बाहेरगावी कामाला गेलेला मुलगा धंदा बंद पडला म्हणून घरी येतो. महिन्यामागून महिने जातात. मग एके दिवशी फोन येतो, 'काम सुरू झाले, निघून या.' घरात दोन तट पडतात. आई म्हणते, राहू दे आता. बाप म्हणतो, इथे राहून खाणार काय? अशा वेळी काय करावे याचा विचार आधीच करून ठेवलेला बरा.

पैसेवाल्या प्रवाशांना समुद्रावर हिंडवून आणणारी मोठमोठी जहाजे असतात. एकेक जहाज म्हणजे तरंगते गावच. डायमंड प्रिन्सेस नावाच्या अशा एका जहाजावर २०२० च्या फेब्रुवारीत ३,७११ माणसे होती. त्यांत हजारावर नुसते कामकरी. स्वयंपाकी, वाढपी, खोल्या झाडणारे, धोबी, इंजिनावरचे कामगार. या कामात आपल्या देशाची माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांत गोव्याची फार जुनी. गोव्याच्या गावांनी मुंबईत धोबीतलावच्या बाजूला आपापल्या गावाच्या नावाने खोल्या करून ठेवल्या. जहाज मिळेपर्यंत गावचा माणूस तिथे टेकायचा. गिरणगावात कोकणच्या आणि साताऱ्याच्या गावांचे गाळे असत, तसेच हे.

या कामाची बोली कशी असते? सहा ते नऊ महिन्यांचा करार. तेवढे दिवस सुट्टी जवळजवळ नाही. करार संपला की घरी यायचे आणि पुढचे बोलावणे येईपर्यंत बहुतेकांना पगार नाही. आता सांगा, ही बोली ओळखीची वाटते की नाही? आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघणाऱ्या जोडप्याची बोली याहून फार वेगळी नाही. हंगाम आहे तोवर काम, काम आहे तोवर पैसा. मुकादमाच्या जागी एजंट आणि फडाच्या जागी समुद्र, एवढाच फरक. उचल घेऊन जोडपे निघते, तसा एजंटाचे देणे डोक्यावर घेऊन कितीतरी पोरगा जहाजावर चढतो.

मग २०२० साल उजाडले. डायमंड प्रिन्सेस जपानच्या योकोहामा बंदरात अडकली. प्रवासी खोल्यांत बंद आणि त्यांच्या दाराशी जेवण पोचवायला हेच कामकरी. सातशेवर माणसांना कोरोनाची बाधा झाली. जहाजावर भारताची १३८ माणसे होती, त्यांतले १३२ कामकरी. मार्चच्या मध्यावर जगभरची सहलीची जहाजे थांबली. प्रवासी उतरून घरी गेले, कामकऱ्यांना मात्र बंदरे घेईनात. मरेला डिस्कव्हरी नावाचे जहाज आपल्या १४६ माणसांना घेऊन मुंबईसमोर उभे राहिले. किनारा डोळ्यांपुढे, पण उतरायची परवानगी नाही. ती २३ एप्रिल २०२० ला मिळाली.

मुंबईहून फिरणारे कर्णिका नावाचे एक जहाज २०१९ सालीच सुरू झाले होते. बंदीच्या काळात त्याची कंपनी बुडाली आणि जहाज गुजरातच्या अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेले. त्या जहाजावरच्या माणसाला 'परत जायचे का' हा प्रश्नच उरला नाही.

इतर जहाजे मात्र पुन्हा हलू लागली. अमेरिकेच्या बंदरांतून २०२१ च्या जूनमध्ये, मुंबईहून कॉर्डेलियाचे जहाज त्याच वर्षी सप्टेंबरात. तेव्हा कंपन्यांना घोर पडला, माणसे परत येतील का? सव्वा वर्ष घरी बसलेला स्वयंपाकी आता पुन्हा नऊ महिने पोराबाळांना सोडून येईल का? बरीच माणसे गेली. पण सगळी एकदम गेली नाहीत. २०२२ साली माणसे कमी पडल्यामुळे काही जहाजांना प्रवासी कमी घ्यावे लागले, काही खेपा सोडाव्या लागल्या. पुढे घडी बसली. २०१९ साली जगात सुमारे तीन कोटी लोक अशा सहलीला गेले होते, २०२३ साली तो आकडाही मागे पडला. म्हणजे जहाजे भरली आणि कामाला माणसेही मिळाली.

वाचकहो, आता याच्या शेजारी एक जुनी गोष्ट ठेवून पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिन्या दोन महिन्यांत मिटेल असे पुष्कळांना वाटत होते. कामगार कोकणात, साताऱ्याला, सांगलीला, कोल्हापूरला आपापल्या गावी गेले. भाऊबंदांच्या घरात राहिले, पेरणीला हात लावला, मळणी केली. वर्ष गेले, दीड वर्ष गेले. संप रीतसर मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केलेच नाही. पण कित्येक कामगारांना गिरणीने परत घेतले नाही आणि पुढे गिरण्याच एकामागून एक बंद पडल्या.

असे का झाले? मालकांकडे कापडाचा साठा पडून होता. भिवंडीला, मालेगावला यंत्रमाग खडखडत होते, तिथून कापड विणून मिळत होते. म्हणजे मालक थांबू शकत होता. कामगारही थांबला, कारण गावाकडे भाकरी होती. पण त्या भाकरीवर किती दिवस काढणार? ज्याचे थांबणे जास्त टिकले, त्याचे खरे झाले.

आता आपल्या घराजवळ या. २०२० च्या मार्चअखेर देशबंदी झाली तेव्हा ऊसतोडीला गेलेली लाखाहून अधिक माणसे कारखान्यांच्या तळावर अडकली. १७ एप्रिलला सरकारने त्यांना गावी जायची मुभा दिली. हातात फारसे काही न घेता माणसे गावी आली. पण त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर काय झाले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ऊस उभा होता, तो वाट पाहणारा नव्हता. तोडणीला यंत्रे पुरेशी नव्हती. मजुरांच्या संघटनांनी सांगितले, दर वाढवा, मग कोयता उचलू. २७ ऑक्टोबर २०२० रोजी पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये बैठक बसली आणि मजुरीत १४ टक्के वाढ ठरली. पुढे २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ ठरली. वाढ पुरेशी होती असे मी म्हणत नाही. पण या वेळी कारखाना थांबू शकत नव्हता. फडातला ऊस वाळत असताना मालकाचा धीर किती टिकणार?

मला सांगायचे आहे ते एवढेच. माणूस परत जाईल का, हा मालकाचा प्रश्न. कोणत्या बोलीवर जाईल, हा आपला प्रश्न. आणि त्याचे उत्तर बंदीच्या दिवसांत घरच्या कणगीत किती दाणे होते यावर बरेचसे ठरते. ज्याच्या घरी दोन पायली ज्वारी आहे तो म्हणू शकतो, 'आठ दिवसांनी सांगतो.' ज्याच्या घरी नाही, तो पहिल्या फोनला निघतो.

ज्यांना घरी पोचताच आले नाही त्यांचे काय झाले तेही आपल्या मराठवाड्याने पाहिले आहे. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर रेल्वेच्या रुळावरून भुसावळच्या दिशेने चालत निघाले होते. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ थकून रुळावरच झोपले आणि मालगाडीखाली १६ जण गेले. कामधंदा थांबला की माणूस घराकडे धावतो. त्याचे शेत आणि चूल त्याला बोलावते.

तेव्हा हिशेब कोणी मांडला नाही तरी आपण मांडू. धंदा बंद असताना त्या धंद्याच्या माणसांना जगवले कोणी? गिरणीवाल्यांना १९८२ साली कोकणच्या आणि घाटावरच्या शेतकऱ्यांनी. २०२० साली खेड्यापाड्यांतल्या घरांनी. सरकारी पाहणी सांगते की देशातल्या कामकऱ्यांपैकी शेतीवर असणारे २०१८-१९ साली शेकडा ४२.५ होते, ते २०१९-२० साली ४५.६ झाले. दरवर्षी थोडे थोडे उतरणारे प्रमाण उलटे फिरले. आणि २०२३-२४ सालीही ते ४६.१ होते. शहर उघडले, जहाजे भरली, तरी शेतीवरचा भार हलका झाला नाही. शेत मात्र तेवढेच आहे. पाच एकरांत पूर्वी तिघांचे भागत होते, आता पाचांचे भागवायचे.

म्हणून भावनेच्या भरात मुलाला 'जाऊ नको' म्हणून अडवू नये. घरातला ताण न बोलता वाढतो. मागे राहून बैल सांभाळणारा भाऊ मनात म्हणतो, दहा वर्षे मी राबलो आणि हा आता वाटणीला आला. आलेला म्हणतो, दहा वर्षे पैसे मी पाठवले. दोघांचेही खरे असते. आलेल्याने किती दिवस काम केले, आधी किती पैसे पाठवले आणि राहिलेल्याने किती कष्ट केले, हे वडीलधाऱ्यांनी दोघांना समोर बसवून बोलून घ्यावे. मनात ठेवले की बांधावर येते.

आणि जायचे ठरले तर काही गोष्टी पाहून जावे.

पहिली गोष्ट, एजंटाला पैसे देण्यासाठी जमीन गहाण टाकू नका, विकू तर मुळीच नका. ज्या जमिनीने थांबायची ताकद दिली तीच गेली, तर पुढच्या बंदीत कुठे याल? जहाजावर माणसे भरणाऱ्या संस्थेला मुंबईच्या जहाज वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे लोक ज्याला डी. जी. शिपिंग म्हणतात त्याचा, परवाना लागतो. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायला कायद्याने मनाई आहे. पासपोर्ट, खलाशाचे पुस्तक, वैद्यकीय दाखला यांचा खर्च ज्याचा त्याने करायचा, बाकी नाही. लाख-दोन लाख मागणारा भेटला तर तिथूनच रामराम करावा.

दुसरी गोष्ट, मागचे येणे आधी विचारावे. थकलेला पगार, भविष्य निर्वाह निधी, सुट्टीचे पैसे. कामावर चढल्यावर विचारणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. माणसांची निकड असते तेव्हाच ऐकतात.

तिसरी गोष्ट कागदांची. गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ साली, संपानंतर तीस वर्षांनी. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर आपण कामावर होतो, हे दाखवायला गिरणीचे तिकीट, हजेरीचा पास, निधीची पावती लागली. ज्याच्या बायकोने ते चिटोरे ट्रंकेत जपले होते त्याचा अर्ज पुढे सरकला. तेव्हा करार असो की पगाराची चिठ्ठी, एक प्रत घरी राहू द्या. शाळेत जाणाऱ्या लेकीकडून मोबाइलवर त्याचा फोटोही काढून घ्या.

चौथी गोष्ट, घरच्या लक्ष्मीला विचारा. फडात ती अर्धा कोयता असते, तिच्यावाचून जोडी होत नाही. मुलगा समुद्रावर किंवा हैदराबादला गेला तर आठ-नऊ महिने सोसायटीचे देणे, दवाखाना, म्हातारी माणसे तिच्याच अंगावर. पैसा येणाऱ्या खात्यावर तिचेही नाव असावे.

आणि शेवटची गोष्ट, परतीची तारीख ठरवून जावे. किती महिन्यांनी येणार, आल्यावर शेतात काय करणार, विहिरीचे काम की दोन शेळ्या, हे जातानाच बोलून ठेवावे. नाहीतर एकेक हंगाम करीत उमर सरते.

वाचकहो, धंदे उघडतात आणि बंद पडतात. महामारी, संप, मंदी, कारण कोणतेही असो. पुढच्या वेळी आपल्या घरातला कोणी भोकरच्या स्टेशनावर पिशवी घेऊन उतरेल, तेव्हा 'आता कायमचाच आलास का' असे पहिल्याच दिवशी विचारू नका. आधी हातपाय धुऊ द्या, जेवू द्या. आणि चार पोती ज्वारी बाजारात घालण्याआधी घरची कणगी भरून ठेवा. मालकाचा फोन येईल तेव्हा उत्तर द्यायला तीच उपयोगी पडते.