घरी बांधलेली होडी आणि किनाऱ्यावरची मुलं

शिडाची होडी म्हटली की आपल्याकडे दोनच चित्रं उभी राहतात. एक क्लबातल्या श्रीमंतांची हौस, दुसरं पूर्वजांच्या दर्यावर्दीपणाचा अभिमान. तिसरी होडी असते घरच्या अंगणात, आपल्याच हातांनी बांधलेली. ती आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांना मिळायला हवी.

हे अशक्य नाही. 1963 मध्ये इंग्लंडमध्ये ‘मिरर’ नावाची 3.3 मीटरची होडी विक्रीला आली. ‘डेली मिरर’ या कामगारवर्गात खपणाऱ्या दैनिकाचा तिला पाठिंबा होता. 63 पौंड 11 शिलिंगांत सुट्या भागांचा संच मिळे. प्लायवूडच्या फळ्या तांब्याच्या तारेने टाके घालून जोडायच्या, सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन लावायचं. अशा 70,000 हून अधिक होड्या तयार झाल्या.

हे टाके आपल्याला परके नाहीत. अरबी समुद्रातली कितीतरी जुनी गलबतं काथ्याने शिवलेली असत. त्याच पद्धतीने गोव्यात बांधलेलं ‘कौंडिण्य’ 2025 मध्ये नौदलात दाखल झालं. त्याचा अभिमान जरूर वाटावा. पण त्याचे फोटो पाहून गावातल्या पोरांना वारा कळणार नाही.

तो कळतो पहिल्या सफरीत. होडी पाण्यात ढकलली की नारळ, दुआ, भाषणं काठावर राहतात आणि पाणी सांधे तपासू लागतं. म्हणून आधी शीड न लावता ती उथळ पाण्यात ठेवावी, कुठे पाझरते ते पाहावं. मुद्दाम कलंडवून पुन्हा सरळ करावी. मग मंद वारा, खाडीत चढती भरती, अंगात लाइफ जॅकेट, सोबतीला दुसरी होडी. थेट वाऱ्याच्या तोंडावर शिडाची होडी जात नाही. साधारण 45 अंशांचा कोन धरून नागमोडी जावं लागतं. वहीतला कोन सुकाणू हातात आल्यावरच खरा वाटतो.

कोकणातल्या मुसलमान वस्त्यांत तांडेल, खलाशी पिढ्यान्‌पिढ्या होते. इंजिन आलं, शीड उतरलं. कष्ट वाचले, याबद्दल तक्रार नाही. पण वारा ओळखण्याची विद्याही त्याबरोबर विरत गेली. ‘मोसमी’ वाऱ्यांचं नाव अरबी ‘मौसिम’वरून आलं. नाव अजून तोंडात आहे, वाऱ्याची ओळख मात्र राहिली नाही. आज समुद्र म्हणजे जहाजावरची नोकरी, नाहीतर आखाताकडे जाताना विमानातून दिसणारं पाणी.

खर्चाचा आणि धोक्याचा प्रश्न कुणीही विचारील, आणि तो रास्तच आहे. खर्च एका घराला जड जाईल, शाळेला किंवा जमातीला नाही. जलशात उडणाऱ्या पैशांतला थोडा इकडे वळवता येईल. धोक्याचं म्हणाल, तर समुद्राशेजारी राहून समुद्र न कळणं हाच मोठा धोका आहे. किनाऱ्यावरच्या एखाद्या शाळेने नववीच्या मुलामुलींकडून एक होडी बांधून घ्यावी. गावातल्या म्हाताऱ्या तांडेलाला मास्तर म्हणून बोलवावं. पाऊस सरला, समुद्र निवळला की ती खाडीत सोडावी. पुढचं वारा शिकवेल.