बटेरच्या अंड्याची ताकद बाटलीत नसते

जोगेश्वरी, मालवणी, घाटकोपरच्या वस्त्यांत काही घरांच्या गॅलरीत बटेरचे पिंजरे असतात. पाच-दहा माद्या असल्या की मुलांच्या डब्यापुरती अंडी निघतात, उरलेली शेजारी घेतात. मग अंड्याचे कवच पातळ येऊ लागले की कोणीतरी सांगते, “पाण्यात हे नैसर्गिक औषध टाका.” घ्यावे का ते?

बटेर म्हणजे मराठीतला लावा. कुरआनात ‘मन्न व सलवा’ येते, त्यातला सलवा म्हणजे बहुतेक मुफस्सिरांच्या मते हाच पक्षी. आपण पाळतो तो जपानी बटेर. १९७४ मध्ये तो बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणला गेला. रानातले लावे पकडणे मात्र कायद्याने गुन्हा आहे.

मादी साधारण सात आठवड्यांत अंडी घालू लागते. तिचे वजन दीडशे-दोनशे ग्रॅम आणि अंडे १० ते १२ ग्रॅमचे. शरीराच्या मानाने हे कोंबडीच्या अंड्याच्या जवळपास दुप्पट झाले. एवढ्या अंड्याच्या कवचाला लागणारा चुना तिला खाद्यातूनच मिळतो, पाण्यातल्या थेंबांतून नाही. म्हणून अंड्यावरच्या पक्ष्याचे खाद्य द्या आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. रोज १४ ते १६ तास उजेडही लागतो.

मग पाण्याचे काम काय? अंड्याचा पाऊण भाग पाणीच असतो. पाणी कमी प्याली की मादी खातेही कमी, आणि अंडी घटतात. भांडुपच्या केंद्रातून शुद्ध होऊन येणारे पाणी चांगले असते, पण एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीत ते तापते. उकाड्यात पक्षी चोच उघडून धापा टाकतो. त्याने रक्तातला समतोल बिघडतो आणि कवच पातळ होते. अशा दिवसांत माठातले गार पाणी दोन-तीनदा बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आता घरगुती वस्तू पाहू. व्हिनेगर पाणी आंबट करून जंतूंची वाढ रोखतो, कवच जाड करत नाही. द्यायचाच तर लिटरला चमचाभर, कधीतरी, तोही प्लास्टिकच्या भांड्यात. पत्र्याच्या भांड्यात नको. हळद पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. ती आणि लसूण चिमूटभर खाद्यात बरे. शेवग्याचा वाळलेला पालाही खाद्यातच मिसळा, त्याने बलक गडद होतो. गूळपाणी आंबते आणि भांड्याला बुळबुळीत थर धरते. तो थर रोज घासून काढला नाही तर त्यावर जंतू वाढतात.

सर्वांत महत्त्वाचे: बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर ती घेऊ नका. त्यात प्रतिजैविक असेल तर त्याचा अंश अंड्यात उतरतो आणि आपल्याच मुलांच्या पोटात जातो. अंडी शेजाऱ्याला विकत असाल तर तीही अमानतच आहे. पक्षी आजारी दिसला तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. पालनाविषयी विचारायला गोरेगावच्या आरे वसाहतीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. पिंजरा आणण्याआधी सोसायटीला आणि पालिकेला विचारून घ्या.

बटेर बहुधा दुपारनंतर अंडी घालतो, म्हणून अस्रनंतर गोळा करा. पाच अंडी म्हणजे कोंबडीचे साधारण एक अंडे. आहार म्हणून ती उत्तम आहेत. दमा किंवा मधुमेह मात्र त्यांनी बरा होत नाही. डॉक्टरांचे औषध सोडू नका.